मॅक्रोचे हेलपाटे कमी करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एक्सेलचा मॅक्रो (कामे आपोआप करणारा छोटा प्रोग्राम) लाखभर ओळींवर रखडू लागला की दोन सल्ले हमखास मिळतात. एक, नवा संगणक घ्या. दुसरा, मॅक्रोच्या सुरुवातीला स्क्रीन अपडेटिंग (काम चालू असताना पडदा ताजा होत राहणे) बंद करणारी ओळ टाका. पहिल्याने खिसा हलका होतो, दुसऱ्याने थोडा फरक पडतो. मूळ दुखणे तसेच राहते.

दुखणे आहे लूपमध्ये, म्हणजे तीच कृती पुन्हा पुन्हा करणाऱ्या भागात. लूप एकेका सेलला हात लावतो आणि दर वेळी व्हीबीएला (मॅक्रो जिच्यात लिहितात त्या भाषेला) शीटपर्यंत हेलपाटा घालावा लागतो. १ लाख ओळी आणि ५ कॉलम म्हणजे नुसते वाचायलाच ५ लाख हेलपाटे, लिहिण्याचे वेगळे. त्याऐवजी सगळी रेंज (सेलचा पट्टा) एकाच ओळीत व्हेरियंट प्रकारच्या (काहीही साठवू शकणाऱ्या) व्हेरिएबलमध्ये घ्यावी, म्हणजे मेमरीत तिचा तक्ता, अर्थात अ‍ॅरे, तयार होतो; आकडेमोड त्या अ‍ॅरेवर करावी आणि उत्तरांचा अ‍ॅरे तेवढ्याच आकाराच्या रेंजमध्ये एकदम ठेवावा. हेलपाटे उरतात दोन. वाचताना 'व्हॅल्यू'पेक्षा 'व्हॅल्यू२' बरे: तारखा व चलनाचे रूपांतर टळते, आणि चलनाच्या फॉरमॅटमधल्या रकमा चार दशांश स्थळांवर कापल्या जात नाहीत.

इथे ठेचा ठरलेल्या आहेत. हा अ‍ॅरे १ पासून सुरू होतो आणि कॉलम एकच असला तरी द्विमितीय असतो. रेंजमध्ये एकच सेल असेल तर अ‍ॅरे मिळतच नाही, म्हणून एरवी नीट चालणारा मॅक्रो एकाच नोंदीच्या दिवशी 'टाइप मिसमॅच' म्हणून थांबतो. ओळी मोजायला 'इंटिजर' हा छोट्या पूर्णांकांचा प्रकार घेतला तर ३२,७६७ च्या पुढे ओव्हरफ्लो (मर्यादा ओलांडल्याची चूक), 'लाँग'च हवा. शून्याने सुरू होणारे कोड परत लिहिण्याआधी तो कॉलम टेक्स्ट फॉरमॅटचा करावा, नाहीतर पुढची शून्ये गळतात.

दोन याद्या जुळवताना लूपमध्ये लूप घालण्याची खोड तर फार महाग पडते. ५०,००० नोंदी २०,००० नोंदींशी ताडायच्या तर तुलना १०० कोटींपर्यंत जातात. डिक्शनरी (किल्लीवरून नोंद थेट शोधून देणारी यादी) वापरली तर २०,००० नोंदी भरायच्या आणि ५०,००० वेळा विचारायचे, संपले. मात्र तिच्या लेखी १०१ हा आकडा आणि '१०१' हा मजकूर या दोन वेगळ्या किल्ल्या असतात. दोन्हीकडे 'सीस्ट्र' (आकड्याचा मजकूर करणारे) आणि 'ट्रिम' (कडेच्या मोकळ्या जागा काढणारे) लावल्याशिवाय जुळणी करू नये.

नको असलेल्या ओळी लूपमध्ये एकेक करून उडवू नयेत. दर वेळी खालचे सगळे वर सरकते, आणि वरून खाली येताना लागोपाठच्या दोन ओळींतली दुसरी सुटते. हव्या त्या ओळी दुसऱ्या अ‍ॅरेत घ्याव्यात.

आता त्या प्रसिद्ध ओळींबद्दल, कारण खरा धोका तिथे आहे. स्क्रीन अपडेटिंगसोबत लोक कॅल्क्युलेशन मॅन्युअल करतात (मग सूत्रे आपोआप मोजली जात नाहीत), इव्हेंट्स (सेल बदलण्यासारख्या घटनेवर आपोआप चालणारा कोड) बंद करतात. मॅक्रो मध्येच कोसळला तर स्क्रीन आपोआप पूर्ववत होते, बाकीची दोन होत नाहीत, आणि स्क्रीन ठीक दिसते म्हणून कुणाला शंकाही येत नाही. मॅन्युअल मोड उघड्या असलेल्या सगळ्या फायलींना लागू होतो आणि फाइल सेव्ह केली की तिच्यासोबत जातो. मग कुणीतरी आकडा बदलतो, बेरीज जुनीच राहते, आणि तीच छापून पुढे जाते. म्हणून आधीचा मोड व्हेरिएबलमध्ये जपावा, 'ऑन एरर गोटू' (चूक झाली की ठरलेल्या लेबलवर जा) लिहावे आणि शेवटच्या लेबलखाली सगळे पूर्ववत करावे. चूक झाली तरी आणि नाही झाली तरी वाट त्या लेबलवरूनच गेली पाहिजे.

फरक किती पडला हे अंदाजाने सांगू नये. प्रत्येक टप्प्याच्या आधी व नंतर 'टायमर'ची किंमत घेऊन वजाबाकी करावी. मॅक्रो रात्री बारा ओलांडून चालला तर ती उणे येईल, कारण टायमर मध्यरात्रीपासूनचे सेकंद मोजतो.

आपला,
एक वाचक