खाडा एकाचा, भार दुसऱ्याच्या खांद्यावर

माननीय संपादक,
स. न.

मोठ्या क्रीडास्पर्धेचा अंतिम सामना रविवारी रात्री उशिरा संपला की सोमवारच्या हजेरीपटावर खाडे दिसू लागतात, हा अनुभव आता कोणत्याही देशातल्या कारखान्याला किंवा कार्यालयाला नवा नाही. त्यावरची चर्चा मात्र दरवेळी ‘नव्या पिढीत कामाची निष्ठा उरली नाही’ या एकाच वाक्यापाशी येऊन थांबते. पाळ्यांचे वेळापत्रक लावण्याचे काम मी अनेक वर्षे केले आहे आणि त्या अनुभवावरून हे निदान मला अपुरे वाटते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

खेळापायी दांडी मारण्याची प्रथा काही आजची नाही. १९८३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या नौकेने ‘अमेरिकाज कप’ ही शिडाच्या नौकांची शर्यत जिंकून अमेरिकेची १३२ वर्षांची मक्तेदारी मोडली, तेव्हा त्या दिवशी कामावर न आलेल्याला जो मालक काढून टाकेल तो नालायक, अशा आशयाचे उद्गार खुद्द पंतप्रधान बॉब हॉक यांनी काढले होते. अमेरिकेत फेब्रुवारीतल्या ‘सुपर बोल’नंतरच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यानंतरच्या, सोमवारी सुट्टीच द्यावी, अशी मागणी वर्षानुवर्षे होत आली आहे. सौदी अरेबियाने तर २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकात अर्जेंटिनाला साखळी सामन्यात हरवल्यावर दुसऱ्याच दिवशी देशभर सुट्टी दिली. आनंद साजरा करावासा वाटणे हा माणसाचा स्वभाव आहे आणि त्याबद्दल कोणालाही दोष देता येणार नाही.

माझे दुःख वेगळे आहे. आमच्याकडे रात्रपाळीला असलेला बॉयलरवरचा एक सहकारी अशाच एका सोमवारी सकाळी सहाला सुटायचा होता. त्याच्या जागी येणाऱ्याचा निरोप साडेपाचला आला, तोही ‘पोट बिघडले आहे’ एवढाच. पेटता बॉयलर प्रमाणपत्रधारक माणसावाचून सोडता येत नाही, त्यामुळे रात्रभर जागलेला तो गृहस्थ पुढचे आठ तास पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेसमोर डोळे ताणून उभा राहिला. दर अर्ध्या तासाने तो नोंदवहीत आकडे लिहीत होता आणि दुपारपर्यंत त्याचे अक्षर ओळखू येईनासे झाले होते. सामना त्यालाही पाहायचा होता, पण ठरलेली पाळी असल्यामुळे त्याने तो सोडला होता. मालकाचे त्या दिवशी फारसे काही बिघडले नाही. जे बिघडले ते या माणसाचे, आणि तशा थकव्यात एखादा आकडा वाचायला चुकला असता तर काय झाले असते, हा विचार आजही मला अस्वस्थ करतो. रुग्णालयातली परिचारिका, बसचा चालक, वीजकेंद्रातला कर्मचारी यांच्यापैकी कोणाचीही जागा अशीच रिकामी सोडता येत नाही.

कामाची नीती बदलली आहे, हे मलाही मान्य आहे, परंतु ती दोन्ही बाजूंनी बदलली आहे. रात्री अकराला भ्रमणध्वनीवरून काम सांगणारा, कंत्राट संपताच निरोपाचे दोन शब्दही न बोलणारा मालक कामगाराकडून मात्र जुन्या काळच्या निष्ठेची अपेक्षा करतो, तेव्हा ती कोणत्या तोंडाने करतो, हे मला कळत नाही. शिवाय कित्येक ठिकाणी खरे कारण सांगून मागितलेली रजा नाकारली जाते आणि आजारपणाचे खोटे कारण दिले की ती बिनबोभाट मिळते. खोटे बोलायला आपणच शिकवायचे आणि मग सचोटी कुठे गेली म्हणून विचारायचे, हे न्यायाचे नाही.

तरीही सहकाऱ्याला अंधारात ठेवणाऱ्या खाड्याचे समर्थन मी करणार नाही. मालकावरचा राग रास्त असला तरी तो पाळी संपवून घराच्या ओढीने दाराकडे पाहत बसलेल्या सोबत्यावर काढायचा नसतो.

आणि यातले बहुतेक सहज टाळता येण्यासारखे आहे, कारण अंतिम सामन्याची तारीख कधी अचानक उगवत नाही. २०२६ च्या फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना १९ जुलै रोजी, रविवारी, हे फेब्रुवारी २०२४ मध्येच जाहीर झाले होते. दक्षिण आफ्रिकेने २८ ऑक्टोबर २०२३ रोजी रग्बीचा विश्वचषक जिंकल्यावर तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी विजयाची सुट्टी जाहीर केली, पण ती १५ डिसेंबरची, म्हणजे तयारीला सहा आठवड्यांहून अधिक अवधी ठेवून. स्पर्धेचे वेळापत्रक लागताच आस्थापनांनीही रजेची वही उघडावी, खरे कारण लिहिणाऱ्याला आधी रजा द्यावी, पाळ्यांची अदलाबदल कामगारांना आपसांत ठरवू द्यावी आणि जो त्या रात्री कामावर थांबेल त्याला पुढच्या मोठ्या सामन्याच्या वेळी पहिली सवलत द्यावी. आमच्या विभागात त्या प्रसंगानंतर आम्ही अशी वही ठेवली होती, आणि तिच्यातले पहिले नाव त्या बॉयलरवाल्या सहकाऱ्याचे होते.

आपला विश्वासू,
एक निवृत्त पाळी-पर्यवेक्षक