छपाईआधी पिक्सेल मोजावेत

महोदय,

जुलै २०२५ मध्ये सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग हे आपले जलदुर्ग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्या आनंदात मालवणात आम्ही काही जणांनी मुलांनी मोबाइलवर टिपलेल्या छायाचित्रांचे छोटे प्रदर्शन मांडले. बारा बाय अठरा इंचांचे प्रिंट हाती आले तेव्हा तटबंदीचे चिरे एकमेकांत मिसळून गेले होते आणि मुलांचे चेहरे उतरले होते.

दोष कॅमेऱ्याचा नव्हता. बारा मेगापिक्सेलच्या मोबाइलचे छायाचित्र ४००० बाय ३००० पिक्सेलचे, म्हणजे तेवढ्या रंगीत ठिपक्यांचे असते. ते अठरा इंचांवर पसरले तरी इंचाला सुमारे २२२ पिक्सेल मिळतात आणि भिंतीवरच्या चित्राला तेवढे पुरतात. आम्ही मात्र ती व्हॉट्सॲपवरून साध्या पद्धतीने पाठवली होती. तिथे लांब बाजू १६०० पिक्सेलच्या आसपास येते, म्हणजे इंचाला जेमतेम ८९. तीच फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली असती तर एकही पिक्सेल गेला नसता.

स्टुडिओत फाइलमधला ‘इंचाला ७२ पिक्सेल’ हा आकडा बदलून ३०० केला गेला आणि आमचे समाधान झाले. पण नुसता आकडा बदलल्याने चित्रात काहीच भर पडत नाही, फक्त छापील आकार ठरतो. आणि पिक्सेल वाढवायला सांगितले तर संगणक शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाजाने नवे ठिपके भरतो, त्यातून चिऱ्यांमधली हरवलेली सांध परत येत नाही. हातात धरून पाहायच्या प्रिंटला इंचाला ३०० पिक्सेल हवेत, त्यामुळे एका बाजूच्या पिक्सेलच्या संख्येला ३०० ने भागले की ती बाजू किती इंच छापता येईल ते कळते. नाक्यावरचा फ्लेक्स दुरून पाहिला जात असल्याने त्याला याहून बरेच कमी चालतात. शिवाय मोबाइलची चौकट ४:३ आणि कागद ३:२ असल्याने उंचीचा नववा हिस्सा कापला जातो. एका चित्रात दशावतारी राजाचा मुकुटच त्यात गेला. कुठे कापायचे हे छायाचित्र काढणाऱ्या मुलाला विचारायला हवे होते, याची मला अजून खंत वाटते.

आपण वाचकांकडून छायाचित्रे मागवता, तेव्हा ‘मूळ फाइल पाठवावी’ एवढी सूचना सोबत छापावी, अशी विनंती आहे. वृत्तपत्राच्या कागदावर इंचाला २०० पिक्सेलही पुरतात, म्हणजे पंधरा सेंटीमीटर रुंद चित्राला सुमारे १२०० पिक्सेल. हा आकडाही त्या सूचनेत दिल्यास गावोगावची मुले फाइल पाठवण्याआधी तो स्वतः पडताळून पाहू शकतील.

– एक निवृत्त कलाशिक्षक, मालवण