बाईंची लाकडी पट्टी आणि बाबांचं नाव

आदरणीय बाई,

साष्टांग नमस्कार.

तुमचं घर दोन गल्ल्या सोडून आहे, तेव्हा हे सगळं समोर येऊन सांगता आलं असतं. पण तुमच्यापुढे उभी राहिले की अजूनही पाचवीतल्या मुलीसारखी माझी वाचा बसते. शिवाय तुम्ही आमच्या घरासाठी जे केलंत ते इंदूरच्या बाकीच्या मराठी घरांनाही कळावं असं मनापासून वाटतं, म्हणून सर्वांसमोर लिहिते आहे.

6 जुलै 2022, बुधवार. नगर निगमचं, म्हणजे इथल्या महापालिकेचं, मतदान. बाबा सकाळीच इस्त्रीचा शर्ट घालून, मतदार कार्ड वरच्या खिशात ठेवून तयार. ज्या शाळेत ते वर्षानुवर्षं मत देत आले तिथेच आम्ही गेलो. आईचं नाव निघालं, माझं निघालं. बाबांचं निघेना. टेबलामागच्या मुलाने दोनदा पानं उलटली आणि म्हणाला, “दादाजी, सूची में नाम नहीं है.” बाबांनी कार्ड पुढे केलं. त्याने ते पाहून आदराने परत दिलं. त्याच्या हातात तरी काय होतं? बाबा घरी आले आणि त्यांनी शर्ट बदलला नाही. पाच वाजेपर्यंत, म्हणजे मतदान संपेपर्यंत, ते तसेच खुर्चीत बसून होते.

संध्याकाळी तुम्ही आलात. कोणी सांगितलं तुम्हाला, मला आजही माहीत नाही. हातात छापलेल्या याद्यांचा गठ्ठा आणि ती लाकडी पट्टी, जिने तुम्ही आम्हाला भूमितीत रेघा मारायला शिकवलंत. आमच्या जेवणाच्या टेबलावर तुम्ही याद्या पसरल्या, एकेका ओळीखाली पट्टी ठेवली आणि वाचत गेलात. आधी आमच्या वार्डाची यादी, मग शेवटी जोडलेली पुरवणी, जिच्यात नवीन आणि वगळलेली नावं असतात. मग रस्त्यापलीकडच्या वार्डाची यादी उघडलीत. साडेसातच्या सुमाराला पट्टी थांबली. बाबांचं नाव होतं. आमच्याच घराचा नंबर, आजोबांचं नाव बरोबर, वय बरोबर. फक्त आडनावातल्या ‘ळ’चा ‘ल’ झालेला आणि केंद्र पलीकडच्या शाळेचं.

“होतं म्हणजे,” एवढंच बाबा म्हणाले.

त्या रात्री तुम्ही जे समजावलंत ते मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं. लोकसभा-विधानसभेची निवडणूक भारत निवडणूक आयोग घेतो. नगर निगमची घेतो राज्य निर्वाचन आयोग. हे दोन वेगळे आयोग आहेत आणि त्यांच्या याद्याही वेगळ्या. निगमची यादी विधानसभेच्या यादीवरूनच तयार होते, पण तिचे वार्डवार तुकडे पडतात. इंदूरमध्ये 85 वार्ड. वार्डाची हद्द कधी कधी गल्लीच्या मधूनच जाते, मग एखादं घर, कधी घरातलं एखादंच माणूस, पलीकडे जाऊन बसतं. तुम्ही म्हणालात, “कार्ड म्हणजे तू कोण हे सांगणारा कागद. मत देता येतं ते यादीतल्या नावामुळे.” आमच्या घरी कार्डं नीट लॅमिनेट करून ठेवलेली होती. यादी मात्र त्या दिवसापर्यंत कोणी उघडलीच नव्हती.

आणि तो ‘ळ’! हिंदीत छापलेल्या यादीत काळे ‘काले’ होतात, गोळे ‘गोले’. नावाने शोधलं की सापडत नाही आणि माणूस समजतो की आपलं नाव कापलं गेलं. म्हणून आडनावाने नाही, आधी घराच्या नंबराने शोधायचं, ही तुमची युक्ती मी आता भेटेल त्याला सांगते. नंबर सापडला की त्याच्या वरची-खालची दहा-दहा नावंही वाचायची. कार्डावरचा नंबर जुळला की अक्षराची चूक तेवढी जाचत नाही. पण दुरुस्त करून घ्यावी, कारण पुढच्या वेळी तीच चूक दुसऱ्या यादीत उतरते.

बायकांच्या नावांचा गुंता तर आपल्याकडे फारच. लग्नात बदललेलं नाव एका कागदावर, माहेरचं दुसऱ्यावर. आमच्या वहिनींचं नाव यादीत आई ज्या नावाने हाक मारायची तेच होतं, आधारवर वेगळं, कार्डावर तिसरंच. तुम्ही त्यांच्याकडून फॉर्म 8 भरून घेतलात. घर बदललं असेल, नाव किंवा वय चुकलं असेल, तर विधानसभेच्या यादीसाठी तोच फॉर्म चालतो. नवीन नाव घालायचं तर फॉर्म 6. माझ्या मुलीला अठरा पूर्ण व्हायच्या आधीच तुम्ही फॉर्म 6 भरायला लावलात, कारण सतराव्या वर्षीच आगाऊ अर्ज करता येतो. ती कंटाळली होती. तुम्ही तिला टेबलाशी बसवून स्वतः लिहायला लावलंत, माझ्या हातात पेन येऊ दिलं नाही.

नोव्हेंबर 2023 ला विधानसभेच्या वेळी बाबांनी मत दिलं. मे 2024 ला लोकसभेच्या वेळीही. दोन्हीकडे नाव नीट होतं, कारण दोन्ही वेळा तुम्ही महिनाभर आधी 1950 या मतदार हेल्पलाइनवर फोन करायला लावून केंद्र तपासून घेतलंत.

मग नोव्हेंबर 2025 पासून मध्य प्रदेशात मतदार यादीची विशेष सखोल पडताळणी सुरू झाली आणि आपल्या सगळ्या मोहल्ल्याची धांदल उडाली. 2003 च्या यादीत स्वतःचं किंवा आईवडिलांचं नाव दाखवायचं. इथे जन्मलेल्यांचं निभावलं. पण अमरावतीहून, नागपूरहून, सोलापूरहून सून म्हणून आलेल्यांनी काय करायचं? तुमच्या पडवीत दुपारी तीन ते सहा रांग लागायची. तुम्ही प्रत्येकीला एकच विचारायचात, “माहेरी फोन लावलास का?” वहिनींच्या भावाने तिकडच्या जुन्या यादीतल्या वडिलांच्या ओळीचा फोटो पाठवला, तेव्हा त्या तुमच्या पडवीतच रडल्या. वडील जाऊन बरीच वर्षं झाली आहेत. यादीत मात्र त्यांचं नाव, वय, घर नंबर सगळं तसंच होतं. तुम्ही काही बोलला नाहीत. चहा ठेवलात.

वयाची सत्तरी उलटलेल्या माणसाने हे का करावं, असं मी एकदा विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, नोकरीत असताना कितीतरी निवडणुकांची ड्यूटी केली आणि दर वेळी कार्ड हातात धरून परत जाणारी माणसं पाहिली. टेबलामागे बसून तेव्हा काही करता येत नव्हतं.

आता पुढची निगम निवडणूक 2027 मध्ये यायची आहे. तुम्ही सांगितलेलं मी वहीत लिहून ठेवलं आहे. प्रारूप यादी लागली की दावे-आपत्तीचे, म्हणजे दावे आणि हरकतींचे, थोडेच दिवस मिळतात, जे करायचं ते तेव्हाच. मतदानाच्या सकाळी कोणी काही करू शकत नाही. विधानसभेच्या यादीत नाव आहे म्हणून निगमच्या यादीत असेलच असं धरायचं नाही. घरातल्या प्रत्येकाचं नाव वेगवेगळं तपासायचं. पर्ची, म्हणजे मतदाराची चिठ्ठी, मिळाली तरी ओळखपत्र बरोबर हवंच. मोबाइल घरी. पाच वाजता रांगेत असलेल्याला मत देता येतं, त्यामुळे लांब रांग पाहून परतायचं नाही.

आपल्याकडे मतं दोन द्यायची असतात, एक महापौरासाठी आणि एक पार्षदासाठी, म्हणजे वार्डाच्या नगरसेवकासाठी. महापौर कोण हे सगळ्यांना ठाऊक असतं. पार्षदाच्या उमेदवारांची नावं बहुतेकांना मशीनसमोरच पहिल्यांदा दिसतात. खरं तर नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं तेही आलं नाही, ड्रेनेज तुंबलं, खांबावरचा दिवा गेला, की आपण पार्षदाचंच दार वाजवतो. उमेदवारांची शपथपत्रं वाचायची सवयही तुम्हीच लावलीत. मालमत्ता, शिक्षण, गुन्हे, सगळं त्यांना लिहून द्यावं लागतं. गेल्या वेळी मी एकही वाचलं नव्हतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बाई, बाबा आता काठी घेऊन चालतात. परवा त्यांनी मला विचारलं, “यादी कधी लागते गं?” मी म्हटलं, बाईंना विचारते. पलीकडच्या शाळेला चार पायऱ्या आहेत आणि कठडा नाही, हे त्यांनी आत्ताच पाहून ठेवलं आहे. यादी लागेल त्या संध्याकाळी तुम्ही आमच्याकडेच या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या वार्डांची पानं छापून आणायचं काम मुलीने आपणहून घेतलं आहे. पट्टी तेवढी तुमची हवी.

तुमची विद्यार्थिनी
(पाचवी ‘अ’, खिडकीजवळचा दुसरा बाक)