श्टुटगार्टहून भिलवडीला

श्टुटगार्ट
16 फेब्रुवारी 2025

तीर्थरूप आई-आप्पांना साष्टांग नमस्कार.

मी बरी आहे. हे पहिल्याच ओळीत लिहिते, कारण आईला मधलं वाचायचा धीर नसतो, ती थेट शेवट बघते. शेवटीही हेच लिहिणार आहे.

रोज फोन होतो तरी पत्र कशाला, असं छोटू म्हणेलच. फोनवर आई रडते आणि आप्पा "हं, जप" म्हणून फोन दुसऱ्याच्या हातात देतात. मग मी हवापाण्याचं बोलते. कागद मध्येच कुणाच्या हातात देता येत नाही.

तर हो, लपवलं. डावा पाय लांब करायचं ऑपरेशन 4 नोव्हेंबरला झालं आणि तुम्हाला कळलं 24ला, तेही छोटूने मागच्या कपाटाच्या आरशात पायातल्या कड्या बघितल्या म्हणून. तीन आठवडे मी व्हिडिओ कॉलवर गळ्यापर्यंतच दिसत होते. पण आधी सांगून काय झालं असतं? ऊसतोडीची टोळी दारात, आप्पा व्हिसाच्या रांगेत आणि आई औदुंबरला पारायणाला. इथे मैत्रिणी होत्या, दवाखान्यात सगळं वेळच्या वेळी होत होतं. एकटी नव्हते. पहिली रात्र सोडली तर नव्हते.

आणि आत्याला कृपा करून सांगा, उंची वाढवायला केलेलं नाही. तशी ऑपरेशनं असतात, चांगले धडधाकट दोन्ही पाय मोडून घेतात लोक, पण त्याला इथला आरोग्य विमा एक युरो देत नाही. माझा डावा पाय चार सेंटिमीटर आखूड होता, त्यामुळे कंबर वाकडी होत चालली होती, म्हणून विम्याने खर्च उचलला. मी दवाखान्याचे दिवसाला 10 युरो तेवढे भरले, नऊ दिवसांचे 90. मी होते तेवढीच उंच आहे. फक्त आता दोन्ही बाजूंनी.

तयारी ऑगस्टपासूनच चालली होती. उभं करून कमरेपासून घोट्यापर्यंत दोन्ही पायांचा एकच लांबलचक एक्स-रे काढला. डाव्या पायाखाली लाकडी ठोकळे सरकवत गेले, कंबर सपाट होईपर्यंत. नववं वर्ष लागल्यापासून पहिल्यांदा मी सरळ उभी राहिले, ती त्या ठोकळ्यांवर. गंमत म्हणजे मला चक्कर आल्यासारखं झालं. रक्तात डी जीवनसत्त्व कमी निघालं (भिलवडीच्या उन्हात वाढलेल्या पोरीच्या!), त्याच्या गोळ्या घेतल्या. पोटरी ताणायचे व्यायाम केले आणि कुबड्या घेऊन जिना चढायची तालीम. पँट कड्यांवरून जात नाही, म्हणून आईच्या जुन्या अबोली साडीचे दोन घेरदार परकर शिवून घेतले. साडी फाडली त्याबद्दल रागावू नकोस.

आता आप्पांसाठी यंत्राचं. नडगीचं हाड गुडघ्याच्या खाली कापतात, आतला मगज शक्य तितका न दुखावता. बाहेरून पायाभोवती चार कड्या. कडीतून हाडाच्या आरपार तारा जातात, फक्त 1.8 मिलिमीटर जाड, पण शंभर किलोच्या वर ताण देऊन खेचलेल्या. मिरजेला सतारीच्या दुकानात आपण गेलो होतो, तो कारागीर खुंटी पिळत कान लावून बसायचा, तसंच. फरक एवढाच की वाजते ती मी. सात दिवस काही करायचं नाही. मग कड्यांमधल्या नटांना रोज चार वेळा पाव-पाव मिलिमीटर फिरवायचं, म्हणजे दिवसाला एक मिलिमीटर. फट पडत जाते तसं तिच्यात नवं हाड धरत जातं. घाई केली तर हाड धरत नाही, उशीर केला तर वेळेआधीच जुळून बसतं. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, रात्री बारा. तुम्ही रात्रीच्या लायटीला मोटर चालू करायला उठता, तशी मी पाना घेऊन उठायचे. चाळीस दिवस. 20 डिसेंबरला शेवटचा पाव फिरवला.

ही युक्ती काढणारा डॉक्टर रशियाचा, इलिझारोव्ह. सैबेरियात कुर्गान म्हणून गाव आहे, तिथे 1951 साली त्याने ही कड्यांची चौकट तयार केली. सुरुवातीला सायकलच्या तारा वापरल्या असं सांगतात, म्हणजे आपल्या स्टँडवरच्या सायकलवाल्यालाही जमलं असतं. छोटूसाठी: 1964च्या ऑलिम्पिकमध्ये उंच उडीचं सुवर्ण मिळवलेला ब्रुमेल पुढच्याच वर्षी मोटारसायकलवरून पडला आणि पायाचा चुरा झाला. किती ऑपरेशनं करून थकला, शेवटी या कुर्गानच्या डॉक्टरकडे पाय जुळला आणि गडी परत उडी मारायला लागला. तेव्हा मोटारसायकल हळू चालव.

दुखतं का, हे आई शंभर वेळा विचारते. दुखतं. हाडापेक्षा पोटरी जास्त, कारण हाड वाढायला तयार असतं, स्नायू आणि नसा नसतात. डिसेंबरात टाच टेकेना, रात्री पट्टा बांधून पाऊल वर ओढून ठेवावं लागे. एका तारेची जागा लाल होऊन पू आला, आठवडाभर औषध घेतलं, गेलं. तसं होतंच, म्हणून तर रोज उकळलेले हात, आय मीन साबणाचे हात करून, एकेक छिद्र पुसते. (रात्रीचं लिहितेय, हसू नका.) आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या चालत नाहीत, हाड धरायला त्या आड येऊ शकतात. दुसऱ्या देतात. झोप आता बरी लागते.

आणि वारं लागत नाही, आई. खिडकी बंद असते.

इथली एक तऱ्हा मात्र सांगायलाच हवी. तिचं नाव केरवोखे. वोखे म्हणजे आठवडा आणि केर म्हणजे झाडणं. खरंच, शपथ, नावातच केर आहे! आमच्या बिल्डिंगमध्ये सहा बिऱ्हाडं. ज्याची पाळी त्याच्या दाराला सोमवारी एक पाटी येऊन लटकते. कोण लटकवतं? आधीच्या आठवड्याचा. पाटी आली की आपल्या मजल्याचा जिना झाडायचा, पुसायचा, कठडा पुसायचा. ही झाली छोटी पाळी. मोठी वेगळी. तिच्यात तळघर, अंगण, दारासमोरचा रस्त्याकडचा पट्टा आणि बर्फ पडला तर सकाळी उठून तो ओढायचा. आपल्याकडे उपशाच्या पाण्याची पाळी चुकली की जशी भांडणं होतात, तशी इथे केरावरून. शनिवारी झाडलेलं दिसलं पाहिजे. शुक्रवारी रात्री गुपचूप झाडलं तर झाडलं की नाही हे कुणाला कळणार? मला वाटायचं जिना स्वच्छ असला म्हणजे झालं. तसं नाही. स्वच्छ जिनाही झाडायचा. कामवाली ठेवली तर चालते, पण नजर बदलते.

तर डिसेंबरात, पायात चार कड्या, टाच टेकत नाही, आणि माझ्या दाराला पाटी. पहिल्या मजल्यावरच्या आजी, ऐंशीच्या पुढच्या, वर आल्या. मला वाटलं सूट देणार. त्या म्हणाल्या, पाय मोडला तरी पाळी पाळीच, पण आपण अदलाबदल करू, तुझी मी करते, माझी जूनमध्ये तू कर. वहीत लिहून घेतलं. आणि पाटी काढली नाही! पाटी माझ्याच दाराला, झाडतायत त्या. मी दारात स्टुलावर बसून बघत होते आणि आई, मला तू अंगणात सडा टाकताना दिसत होतीस. जूनमध्ये मी त्यांचे तीन आठवडे देणं लागते.

आता हाड पक्कं व्हायची वाट. एका सेंटिमीटरला महिन्याच्या वर दिवस लागतात. मागच्या एक्स-रेत फटीत ढगासारखं होतं, आता पांढरट दिसतंय. दोन कुबड्यांवर, पायावर भार देऊन चालते. एप्रिलच्या शेवटी कड्या निघतील असं म्हणतात. पण त्यानंतर काही आठवडे नवं हाड जपावं लागतं, म्हणून छोटूच्या लग्नाला मेच्या तारखेला मी येईन असं जे बोलले होते ते... तिकीट काढलेलं नाही. डॉक्टर बघू म्हणाले. इथे बघू म्हणजे नाही.

म्हणून छोटूचं थांबवू नका. थोरलीच्या आधी धाकट्याचं कसं, हे कारण माझ्या नावावर नको. इचलकरंजीच्या स्थळाने "आता लंगडते का" असं विचारलं म्हणे. चार महिने थांबलेले लोक माझ्या पायाचं माप यायची वाट बघतायत का? त्यांना "नाही" म्हणून कळवा. मला राग आलेला नाही. थोडा आलाय.

पैशाचं. सहा आठवडे कंपनीने पूर्ण पगार दिला, डिसेंबरच्या मध्यापासून विम्याकडून आजारपणाचे पैसे येतात, ते मूळ पगाराच्या साधारण सत्तर टक्के. म्हणून दोन महिने तुम्हाला 40ऐवजी 25 हजार आले. 2019च्या पुरात पडलेल्या भिंतीचं काम अर्धं राहिलंय हे माहीत आहे मला, आई, दर फोनला सांगू नको. सोसायटीच्या कर्जाचं मी बघते. आप्पा, उसाच्या बिलातून मंडपाला पैसे काढा, पण माझ्या नावची एफडी मोडायची असेल तर मोडा, विचारत बसू नका.

आणि एक. ट्रॅक्टरवर बसायचा हट्ट मी केला होता. तुम्ही नको म्हणाला होता, मला आठवतंय. वीस वर्षं झाली, तुम्ही स्टँडवर घ्यायला येता तेव्हा आधी माझ्या पायाकडे बघता. पुढच्या वेळी तोंडाकडे बघा.

मी बरी आहे.

तुमची,
थोरली

ता.क. आई, हे आप्पांना मोठ्याने वाचून दाखव, पण एफडीचं वाक्य गाळ. ते मी त्यांना फोनवर सांगेन. लग्नाला चपला घ्याल तेव्हा माझ्यासाठी कोल्हापुरी घेऊन ठेवा, सहा नंबर. तळ चढवायला सांगलीला नेऊ नका.