बघण्याचे पैसे लावणाऱ्या अण्णांना

अण्णा, नमस्कार.

फोनवर तुम्ही दोन वाक्यांच्या पुढे जात नाही, आणि समोर आभाराचा विषय काढला की दुसऱ्याच गाडीचं टायर दाबून बघायला लागता. म्हणून हे पत्र, माझ्या गाडीची पेट्रोलगळती शोधून काढल्याच्या आभाराचं, आणि तेही सगळ्यांसमोर. सोलापुरात अजून बऱ्याच घरांत जिन्याखाली एखादी जुनी गाडी उभी असेल आणि सकाळी दार उघडलं की पेट्रोलचा वास येत असेल. त्यांनीही वाचावं.

गाडी तुम्हाला माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगते. माझ्या काकांची राजदूत ३५० मोटरसायकल. यामाहाची आरडी ३५० ही एस्कॉर्ट्सने १९८३पासून या नावाने आपल्याकडे काढली. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, सहा गिअर. आमची एलटी (लो टॉर्क), म्हणजे त्यातल्या त्यात गरीब, तरी २७ हॉर्सपॉवर. एचटीला (हाय टॉर्क) साडेतीस होती. काकांचा चादरींचा धंदा तेव्हा बरा चालला होता, त्या भरात त्यांनी ही घेतली, आणि काकूंनी पेट्रोलच्या हिशेबावरून त्यांना पुढे कायम ऐकवलं. काकांच्या गुडघ्यांनी किक मारणं सोडल्यावर गाडी माझ्याकडे आली. दोन सिलिंडर म्हणजे पेट्रोल-हवा मिसळून देणारे कार्बोरेटरही दोन, आणि सगळं रामायण तिथेच.

गळती दिसायची नाही, हा पहिला त्रास. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे फरशी अशी तापलेली असते की पेट्रोलचा थेंब पडला की उडून जातो. डाग नाही, ओल नाही, नुसता वास. त्यात डाव्या बाजूचा प्लग सारखा भिजलेला. एका गॅरेजात दाखवलं, त्यांनी न उघडताच सांगितलं, "नीडल गेली." नीडल म्हणजे कार्बोरेटरमध्ये येणारं पेट्रोल अडवणारी टोकदार सुई, आणि ती जिथे बसते ती सीट. दोन्ही कार्बोरेटरच्या नीडल सीटसकट नव्या टाकल्या. वास परत आला. मग "डुप्लिकेट लागली असंल" म्हणून परत नव्या. एकाने तर पेचकसाच्या मुठीने चेंबरला, म्हणजे कार्बोरेटरखालच्या पेट्रोलच्या वाटीला, दोन ठोके दिले आणि गळती खरंच थांबली, संध्याकाळपर्यंत. त्या लोकांना मी नावं ठेवत नाही. नीडलखाली कचरा अडकला असेल तर ठोक्याने तो हलतो, आणि दहापैकी बऱ्याच गाड्यांचं दुखणं तेवढंच असतं. आमच्या गाडीचं तेवढंच नव्हतं.

तुमच्याकडे आले तेव्हा अशोक चौकाकडून आत वळल्यावर दोन्ही बाजूंनी लूमचा (यंत्रमागांचा) खडखडाट होता आणि तुम्ही काय विचारताय ते मला पहिल्यांदा ऐकूच आलं नाही. तुम्ही परत विचारलंत, "गळायलीय ते कळलं अक्का. कुठनं गळायलीय? अन् कवा?" मला उत्तर देता येईना. माझ्या पिशवीत नव्या नीडलचा आणखी एक जोड होता, भावाने पुण्याहून आणलेला. तो तुम्ही बघितलात आणि म्हणालात, "ते पिशवीतच राहू द्या."

मग तुम्ही काय केलंत? बॅटरीची वायर काढलीत, समोरच्या टपरीवर बिडी पेटवणाऱ्या माणसाला लांब पिटाळलंत, दोन्ही कार्बोरेटर फडक्याने कोरडे केलेत आणि त्यांच्यावर चक्क टाल्कम पावडर भुरभुरवलीत. बघणाऱ्यांना हसू आलं. पण पेट्रोलचा ओघळ पावडरीवर लगेच उमटतो. दोन्ही कार्बोरेटरच्या चेंबरचा सांधा, ड्रेनचा बोल्ट, सगळं कोरडं, दोन्हीकडची गळती फक्त ओव्हरफ्लोच्या, म्हणजे जादा पेट्रोल बाहेर सोडणाऱ्या, नळीतून. एवढ्यावर दुसऱ्या कोणीही नीडलच बदलली असती. तुम्ही टाकीखालचा कॉक (पेट्रोलची तोटी) बंद केलात आणि आम्हाला चहाला पाठवलंत. परत आलो तरी थेंब चालूच होते.

कॉक बंद असताना पेट्रोल येतंय म्हणजे आधी कॉक आला. पाइप काढून त्याखाली बाटली लावलीत, गाडी रात्रभर तुमच्याकडेच ठेवलीत. सकाळी बाटलीत चांगलं चार बोटं पेट्रोल. कॉकच्या आतला भोकांचा रबर कडक होऊन चिरला होता. तो बदलला. बदलताना तुम्ही मला सांगितलंत ते मी तेव्हापासून दहा जणांना सांगितलं असेल. टाकीतल्या पेट्रोलचा सगळा भार रात्रभर त्या इवल्याशा नीडलवर टाकायचा नसतो, त्यासाठी कॉक असतो. चेंबरमधल्या पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट वर आला की नीडलला सीटमध्ये दाबतो, पेट्रोल थांबतं. एवढ्यावर भरवसा ठेवून लोक कॉक वर्षानुवर्षं उघडाच ठेवतात.

कॉक नीट झाल्यावर दोन बाजूंचे दोन वेगळे आजार उघडे पडले. कॉक बंद केला की उजवी बाजू लगेच थांबायची. डावी थोडा वेळ गळायची आणि मग थांबायची. हा फरक तुम्ही दाखवला नसता तर मला आयुष्यात दिसला नसता. आधी कॉकच गळत असल्यामुळे दोन्ही बाजू सारख्याच वाटत होत्या.

उजवीचं आधी. कार्बोरेटर उलटा धरलात, म्हणजे फ्लोटच्या वजनाने नीडल आपोआप बंद. पेट्रोल येतं त्या तोंडाला नळी लावून फुंकलंत. हवा जायला नको, ती जात होती. बोटाने नीडल दाबून धरलीत, तरी जात होती. मग सीटच्या कडेने पेट्रोलचे दोन थेंब सोडून परत फुंकलंत, आणि बुडबुडे आले ते सीटच्या आट्यांमधून. नीडल एकदम निर्दोष. सीट जिथे आटे फिरवून बसवतात तिथे खाली एक पातळ वॉशर असतो, तो नव्हताच. सीट बदलताना जुना फेकला गेला आणि नवा कोणी टाकला नाही. नीडलने दार घट्ट लावावं आणि पेट्रोलने चौकटीच्या फटीतून आत यावं, असा प्रकार. या गाडीला नीडलचे आणखी दहा जोड लागले असते तरी उजवी बाजू गळतच राहिली असती.

डावीला मात्र खरी मजा होती. (मजा म्हणतेय कारण आता थांबलं आहे.) चेंबरमध्ये मधोमध पितळेची एक बारीक नळी उभी असते. पेट्रोलची पातळी वाजवीपेक्षा वर गेली तर ते या नळीच्या तोंडातून खाली जमिनीवर जावं, इंजिनात जाऊ नये, यासाठी ती. तुम्ही तुमचं ते खास हत्यार काढलंत, जुन्या ड्रेन बोल्टला भोक पाडून त्यात बसवलेलं निपल. त्याला पारदर्शक नळी लावून ती चेंबरच्या बाजूने उभी धरलीत. आत जेवढी पातळी तेवढीच नळीत दिसते. पातळी बरोबर होती! गॅस्केटच्या कडेपेक्षा बरीच खाली. म्हणजे फ्लोट बरोबर, नीडल बरोबर, आणि तरी ओव्हरफ्लोमधून थेंब.

मग चेंबर उतरवून त्यात नळीच्या तोंडापेक्षा कमीच पेट्रोल ओतलंत आणि ते स्टीलच्या पेल्यावर ठेवून दुसऱ्याच्या स्कूटरची क्लच वायर घालायला गेलात. परत येईपर्यंत पेल्याच्या तळाशी पेट्रोल. घड्याळवाल्याचं भिंग माझ्या हातात देऊन म्हणालात, "बघा की." त्या पितळी नळीला बुडापासून थोडं वर एक उभी चीर होती, केसाएवढी. पेट्रोल नळीच्या तोंडापर्यंत चढायची गरजच नव्हती, चिरेतून आत शिरून खाली जात होतं. कॉक बंद केल्यावर पातळी चिरेच्या खाली गेली की थांबायचं. म्हणून ते "थोडा वेळ गळून थांबणं".

चिरेला तुम्ही पॉलिश पेपरने घासून कथलाचा डाग दिलात, तोही नुसत्या सोल्डरिंग आयर्नने. चेंबरच्या धातूला थेट ज्योत लागली तर वाटी वाकते, मग सांधा कधीच बसत नाही, हे त्या वेळी बाजूला उभ्या असलेल्या पोराला सांगत होतात. तो लक्ष देत होता की नाही ठाऊक नाही, मी देत होते. डाव्या कार्बोरेटरचा पितळी फ्लोटही तुम्ही गरम पाण्यात बुडवून बघितलात. भोक असलं तर आतली हवा तापून बुडबुडे येतात. एकही आला नाही. फ्लोट फुटका नाही हे सिद्ध झाल्यावर तुम्ही जितके खूश झालात तितकं कोणी फुटका सापडल्यावरही होत नसेल.

ही नुसती पेट्रोल वाया जाण्याची गोष्ट नव्हती, हे वाचणाऱ्यांसाठी सांगते. आग हा उघड धोका. दुसरा कमी माहीत असलेला. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवा आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीत, जाते. तिथे कच्चं पेट्रोल साठलं तर ते बेअरिंगवरचं ऑइल धुऊन काढतं, आणि किक एकाएकी जड लागते. तेव्हा जोर लावून किक मारू नका. प्लग काढा, सावकाश फिरवा.

रबर इतक्या लवकर का जातात, हेही मी तुम्हाला विचारलं होतं. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. ते हवेतली ओल ओढून घेतं आणि त्या काळच्या रबराला सोसत नाही. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून चेंबर रिकामे करायचे, हा तुमचा उपाय मी पाळते. इथेनॉलला मी शिव्या घालायला लागले की काका मला गप्प करतात. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात राहून असं बोलू नये म्हणतात, काकूंच्या माहेरचा ऊस आहे.

शेवटी दोन्ही कार्बोरेटर बसवून तुम्ही एकेका स्लाइडखाली (अॅक्सिलेटरने वर उचलला जाणारा कार्बोरेटरमधला पडदा) बोट घालून अॅक्सिलेटर हळूहळू वळवत होतात, दोन्ही एकाच क्षणी उचलल्या जातात का ते बघायला. वायरचा नट पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे. त्यात अर्धी दुपार गेली. तेवढ्यात एक गिऱ्हाईक वैतागून निघून गेलं, तुम्ही मान वर केली नाहीत.

आता बिलाबद्दल, कारण खरं तर त्यासाठीच हे पत्र आहे. सिगारेटच्या पाकिटाच्या पाठीवर तुम्ही लिहिलं होतं. कॉकचा रबर, सीटचा वॉशर, दोन गॅस्केट, डाग. सगळं मिळून नीडलच्या एका चांगल्या जोडाएवढंही नाही. आणि खाली वेगळी ओळ, "बघण्याचे". ती रक्कम सगळ्या सामानाच्या दुपटीहून जास्त. भाऊ म्हणाला, बघण्याचे कसले पैसे? मला उलट वाटलं. सामान लावायला दहा मिनिटं लागली असतील. बाकी सगळं बघणंच होतं, आणि ते आधीच्या कोणी विकलं नव्हतं म्हणूनच मला इतकं महाग पडलं होतं. पार्ट बदलल्याचे पैसे आपण न कुरकुरता देतो, पार्ट न बदलल्याचे द्यायची वेळ आली की हात आखडतो. तुम्ही ती ओळ "मजुरी"त लपवली नाहीत, याचे वेगळे आभार. वडील लूमवर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते म्हणालात ना, तिथलीच सवय असावी. मशीन आधी चालताना बघायचं, मग पाना हातात घ्यायचा.

गाडी छान आहे. वास नाही, डावा प्लग कोरडा आणि विटकरी, हवा तसा. काकांना अक्कलकोटला जाऊन यायचंय, मागे बसून. मी हो म्हटलंय, काकू नाही म्हणतायत.

आणि एक. माझ्या ऑफिसमधल्या एकाची येझदी गळायलीय. रविवारी सकाळी त्याला तुमच्याकडे पाठवते. नवी नीडल आणू नको असं सांगितलंय, तरी तो आणणारच.

तुमची,
राजदूतवाली अक्का