तोंडाने बोलायला शिकवणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
स. न. वि. वि.

भारतातून ब्रिटनला आलेल्या नर्सेसची ऑस्कीची, म्हणजे इथल्या नर्स-नोंदणीसाठीच्या प्रात्यक्षिक परीक्षेची, तयारी तुम्ही स्वतःची ड्युटी संपल्यावर करून घेता, त्याबद्दल हे आभाराचं पत्र. १० स्टेशनांच्या, म्हणजे एकेक काम करून दाखवायच्या १० टप्प्यांच्या, या परीक्षेत आपल्याकडच्या नर्सचे हात सहसा चुकत नाहीत, तोंड बंद राहतं. तुमची शिकवणी तिथूनच सुरू होते.

औषध देताना नाव आणि जन्मतारीख पेशंटकडून वदवून घ्यायची, मनगटपट्टीशी आणि चार्टशी ताडायची, ॲलर्जी तोंडी विचारायची. गोळी दिली नाही तर चार्टमधली चौकट मोकळी ठेवायची नाही, कोड आणि कारण लिहायचं. नाहीतर डोस दिला की राहिला हे पुढच्या पाळीला कळत नाही, आणि तोच डोस दोनदा जाऊ शकतो.

सगळ्यात मोठे उपकार न्यूज-२ तक्त्याचे, म्हणजे श्वास, ऑक्सिजन वगैरे निरीक्षणांना गुण देऊन पेशंटची तब्येत बिघडतेय का हे ओळखायच्या तक्त्याचे. श्वास पूर्ण मिनिटभर मोजायचे, तेही नाडी धरून ठेवून, म्हणजे पेशंटचं लक्ष श्वासाकडे जात नाही. श्वास २२, गुण २. ऑक्सिजनची पातळी ९४, नेहमीच्या मापपट्टीवर गुण १. बेरीज ३ धरून पुढे जाणं ही ठरलेली चूक. ते ९४ नाकात नळी असताना आलेलं असतं, त्या ऑक्सिजनचे आणखी २ धरायचे. झाले ५. पेशंट हसून बोलत असला तरी डॉक्टरांना तातडीने कळवायचं आणि निरीक्षणं किमान तासातासाला घ्यायची.

कळवताना एसबारची (परिस्थिती, पार्श्वभूमी, मूल्यमापन, शिफारस या क्रमाने सांगायची पद्धत) पहिली तीन अक्षरं सगळ्यांना जमतात, शेवटच्या 'आर'पाशी, म्हणजे शिफारशीपाशी, जीभ अडते. डॉक्टरांना 'येऊन बघा' म्हणणं आपल्याकडे आगाऊपणा वाटतो ना! तुम्ही फोन हातात देऊन पुन्हा पुन्हा म्हणवून घेता, "लगेच येऊन पाहाल का? तोवर मी काय सुरू करू?" ऑस्कीपेक्षा वॉर्डात हे वाक्य जास्त उपयोगी पडतं.

कोपराच्या खाली घड्याळ-बांगड्या नकोत, 'सिस्टर' म्हणजे इथे वॉर्डची इनचार्ज, हे तर तुम्ही सांगताच. दहा वर्षं सुया लावलेल्या नर्सलाही इथल्या प्रशिक्षणाची सही मिळेपर्यंत कॅन्युला (शिरेत बसवायची बारीक नळी) लावता येत नाही, तेव्हा मन खट्टू होतं. तो नियम सगळ्यांना सारखाच आहे, हे तुम्ही आधीच सांगून ठेवता म्हणून ते निभावतं.

ऑक्सिजनच्या ओळीखाली लाल रेघ मारलेल्या तुमच्या तक्त्याच्या झेरॉक्स नव्या बॅचला दिल्या आहेत.

तुमच्या हाताखाली तयार झालेल्या,
आम्ही सगळ्या