आप्पांच्या ताटाकडे लक्ष देणाऱ्या डाएटिशियन मॅडमना

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

आप्पांच्या खुब्याचं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांचे आभार आम्ही डिस्चार्जच्या दिवशीच मानले, पेढेही दिले. तुम्ही त्या दिवशी रजेवर होतात. म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण मुंबईत आज ज्यांच्या घरचं म्हातारं माणूस ॲडमिट आहे, त्यांनाही हे उपयोगी पडेल.

"वय झालंय, भूक मंदावणारच." हे वाक्य तेव्हा आम्हाला जो तो ऐकवत होता. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटचे नातेवाईक, लालबागहून भेटायला येणारे चाळकरी, वॉर्डातला स्टाफसुद्धा. ताट यायचं आणि निम्म्याहून जास्त तसंच परत जायचं. त्याआधी ऑपरेशन पुढे ढकललं गेलं तेव्हाही आप्पा आदल्या रात्रीपासून उपाशी होते. ७८ वर्षांचा माणूस, अंगाने आधीच काटकुळा.

तुम्ही आलात आणि पहिलाच प्रश्न विचारलात, "यांची कवळी कुठे आहे?" ऑपरेशन थिएटरमध्ये नेताना काढलेली कवळी डबीत गेली आणि डबी खाटेशेजारच्या कपाटात, ती तिथेच राहिली होती. समोर पोळी आणि गवारीची भाजी! तुम्ही कवळी धुऊन आणायला लावलीत, पोळीचा तुकडा वरणात चांगला भिजू दिलात आणि आप्पांच्या हातात दिलात. त्यांनी खाल्ला. मग तुम्ही खिशातून टेप काढून त्यांची पोटरी मोजलीत. पेशंटला काट्यावर उभं करता येत नसेल तर पोटरीचा घेर बघतात आणि तो ३१ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर कुपोषणाची शंका घेतात, हे मला तेव्हा कळलं. आप्पांचा २८ भरला. पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं होतं का, असंही तुम्ही विचारलंत. पाडलं होतं, गणपतीच्या आधीच.

मला वाटलं, आता भरपूर खायला घालायला सांगाल. तुम्ही उलट हात आखडता घ्यायला सांगितलात. बरेच दिवस पोटात फारसं काही गेलेलं नसताना एकदम भरपूर दिलं तर रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम झपकन खाली येतं आणि हृदयाला धोका होऊ शकतो, हे तुम्ही मला खाटेजवळ उभ्या उभ्या समजावलंत. डॉक्टरांना सांगून रक्त तपासायला लावलंत, थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) सुरू करवून घेतलंत आणि मग रोज थोडं थोडं वाढवत नेलंत.

आम्ही घरून आणत होतो तांदळाची पेज, नारळपाणी, साबुदाण्याची खीर. आजाऱ्याला हलकं द्यावं, ही पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. तुम्ही तिला नावं ठेवली नाहीत, माझ्याच वहीच्या पानावर हिशेब मांडून दाखवलात. आजारी वृद्धाला किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं हवीत. आप्पा अंदाजे ५० किलोचे, म्हणजे निदान ६० ग्रॅम. एका अंड्यात ६ ग्रॅम, कपभर दुधात ६-७, आणि पेजेत जवळजवळ काहीच नाही. मग तीच पेज मुगाच्या डाळीची झाली, वर चमचाभर तूप. दुधात दूधपावडर, भाजीत दाण्याचं कूट, आणि काटे काढून मऊ भातात कुस्करलेली सुरमई. सुरमई म्हटल्यावर आप्पा प्रथमच आपण होऊन उठून बसले. आम्ही मालवणी माणसं, हे तुम्ही त्यांच्या बोलण्यावरूनच ताडलं होतंत.

आणखी एक गोष्ट तुमच्यामुळे ध्यानात आली. वॉर्डात रात्रीचं जेवण सात वाजता आणि सकाळचा नाश्ता आठनंतर. मधले तेरा तास पोट रिकामं. तुम्ही रात्री झोपण्यापूर्वी घट्ट दुधाचा कप लिहून दिलात आणि तो मिळतो की नाही हे सकाळी येऊन विचारलंत. जेवणाच्या वेळी आप्पांना एक्स-रेला नेऊ नये, त्यांना खुर्चीत ताठ बसवून जेवू घालावं, आणि त्या वेळी घरच्या एकाला जवळ थांबू द्यावं, हे तुम्ही फाइलवर लिहिलंत. यासाठी तुम्हाला दोन-तीन जणांशी वाद घालावा लागला, तो मी ऐकला आहे.

घरी आल्यावर मी या विषयावर वाचलं. स्वित्झर्लंडमधल्या ८ रुग्णालयांतल्या २ हजारांहून अधिक पेशंटचा एक अभ्यास २०१९ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. कुपोषणाचा धोका असलेल्या पेशंटना एकेकाची गरज बघून आहार दिला, तेव्हा महिनाभरात दगावणारे शंभरातले सुमारे ७ होते. नेहमीचं जेवण मिळालेल्यांत सुमारे १०. शंभरातली तीन माणसं! हे वाचल्यावर मला वाटतं, ॲडमिट करताना जसा बीपी बघतात, तसं प्रत्येक वृद्धाचं वजन किंवा पोटरीचा घेर नोंदवलाच पाहिजे. आणि तुमच्यासारख्या एका बाईवर इतके वॉर्ड टाकणं योग्य नाही. तुम्ही दुपारी डबा न खाता पळत होतात, ते मी पाहिलं आहे.

ताट उचलायला येणाऱ्या मावशींना तुम्ही सांगून ठेवलं होतंत, "उरलेलं टाकण्याआधी मला सांगा." त्या सांगायच्या. "आज अर्धी वाटी वरण उरलं," इतकं नेमकं. त्यांनाही माझा नमस्कार सांगा.

डिस्चार्जनंतर प्रथिनांची पावडर निदान महिनाभर चालू ठेवा, असं तुम्ही बजावलं होतंत. ठेवली. आप्पा वॉकर घेऊन गॅलरीच्या टोकापर्यंत जातात. पोटरी मीच टेपने मोजते, अजून ३१ झालेली नाही, पण वाढते आहे. तुम्ही वहीत लिहून दिलेल्या हिशेबाची झेरॉक्स चाळीत तिघांनी नेली आहे. पुढच्या तपासणीला येऊ तेव्हा आप्पांना तुम्हाला भेटायचं आहे. त्या दिवशी रजा घेऊ नका.

आपली कृतज्ञ,
आप्पांची थोरली मुलगी, लालबाग